कथालेखन – प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : हिमगौरीची आई काय सांगेल?

प्रश्न : 'हिमगौरी आणि सात बुटके' ही गोष्ट मी सावत्र आईच्या तोंडून लिहिली आहे, साधारण २००० शब्दांत. तिचं दुःखी बालपण, राजाचं दुर्लक्ष, सगळं घातलंय. तरी वाचणारे म्हणतात, राणी सतत स्वतःचा बचाव करत बसते. काय चुकलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बालपण काढून टाका, पूर्ण. कारणं सांगायला लागलेली व्यक्ती कोर्टात उभी असल्यासारखी वाटते आणि वाचक न्यायाधीश होऊन बसतो. उलट टोकाला जाऊन हिमगौरीलाच दुष्ट करू नका. तसं केलंत तर गोष्ट तीच राहते, नुसती नावांची अदलाबदल होते. राणीची एकही कृती बदलू नका. ती करताना तिला काय दिसत होतं, तेवढंच आपलं काम.

त्यासाठी डिस्नेचा सिनेमा बाजूला ठेवून, जर्मन लोककथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंची मूळ कथा वाचा. सिनेमात राणी एकदाच, सफरचंद घेऊन जाते. मूळ कथेत ती तीनदा जाते : आधी झग्याची रेशमी नाडी, मग विषारी फणी, मग सफरचंद. म्हणजे कपडे नीट करणं, वेणीफणी करणं आणि खायला देणं. आई रोज जे करते तेच! पहिल्या खेपेला म्हातारीच्या वेशातली राणी म्हणते, "अगं, काय अवतार हा! ये, नीट बांधून देते," आणि मुलीचा श्वास कोंडेपर्यंत नाडी आवळते. इथे थांबा, घाई करू नका. बोटांखाली त्या लहान पाठीची ऊब लागते, नाडी ओवताना मुलगी सवयीनं ताठ उभी राहते. एवढं लिहिलंत की दुःखी बालपणाची गरज उरत नाही.

आणखी एक. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ही बाई हिमगौरीची सख्खी आई आहे, ग्रिमांनी तिला १८१९ च्या आवृत्तीत सावत्र केलं. तुमची राणी कोणती, ते पहिल्या ओळीआधी ठरवा. आम्हाला सख्खी जास्त खरी वाटते. आरशाचं उत्तर पहिल्यांदा बदलतं तेव्हा मुलगी फक्त ७ वर्षांची असते, हेही विसरू नका.

निवेदनात हमखास गडबड होते ती माहितीची. बुटक्यांच्या घरात काय घडलं, हे राणीला कसं कळेल? तिला फक्त आरसा सांगतो, तोही विचारल्यावरच. बुटक्यांनी नाडी कापली, फणी काढली, हे तिनं पाहिलेलं नाही. असं प्रत्येक वाक्य खोडा. शिकाऱ्यानं आणलेलं काळीज आणि फुप्फुस खरं तर रानडुकराच्या पिलाचं. पण मीठ लावून शिजवलेलं ते खाताना ती मुलीचंच समजून खाते. हा प्रसंग बहुतेक जण गाळतात. तो ठेवा. तो पेलला, तर तुमची राणी उभी राहिली.

शेवटी तापलेले लोखंडी जोडे घालून ती मरेपर्यंत नाचते. मग ती बोलते कधी? लग्नाला निघण्यापूर्वी. मूळ कथेतही तिला जावंसं वाटत नाही, पण गेल्याशिवाय चैनही पडत नाही. तो अर्धा तास पकडा. २००० शब्दांत नाडीला ५००, फणीला १५०, सफरचंदाला ६०० द्या. त्याची लाल बाजू विषारी, पांढरी बाजू ती स्वतः खाते. त्या घासाची चव लिहा.

प्रश्न : जुनी परीकथा वापरायला परवानगी लागते का? (नाशिक)

उत्तर : ग्रिम बंधूंच्या मूळ कथेला नाही. ते १८५९ आणि १८६३ मध्ये वारले, आणि भारतात लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मात्र मराठी अनुवादाचा हक्क वेगळा असतो, अनुवादकाची वाक्यं उचलू नका. मूळ कथेत बुटक्यांना नावंच नाहीत, त्यामुळे सिनेमातली नावंही घेऊ नका.

प्रश्न : सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी चिऊ-काऊची गोष्ट कावळ्याच्या बाजूनं सांगायची आहे. (पणजी)

उत्तर : ३०० शब्द पुरे. "चिऊताई, चिऊताई, दार उघड" ही ओळ जशीच्या तशी ठेवा, मुलं ती तुमच्याबरोबर म्हणतात. कावळा दाराबाहेर आहे, म्हणून त्याला काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. बाळाला आंघोळ घालतेय म्हटल्यावर तांब्याचा आवाज, पावडर लावतेय म्हटल्यावर डबीचं झाकण. दर खेपेला त्याचे पंख थोडे अधिक भिजलेले असू द्यात. तिसऱ्या वेळेला आतून आवाजच येत नाही. तिथे तुम्हीही क्षणभर गप्प बसा.

उन्हाळ्यात मेणाचं घर वितळलं आणि चिमणी कावळ्याकडे आली, असा शेवट सगळ्यांना सुचतो. तो टाळा, त्यात फक्त हिशेब चुकता होतो. कावळ्यानं सकाळी पुन्हा शेण गोळा करायला घेतलं, एवढ्यावर थांबा.