त्या ग्रुपमध्ये टाकलं तर पोरगं आणखी बिघडेल का?

शिकागोच्या वेस्ट साइडला एका शाळेत मी समुपदेशन करते, आणि इथल्या ब्लॅक कुटुंबांतल्या आया-आज्यांकडून सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न हाच. एका आजीने तर फॉर्म सही न करताच परत पाठवला (तपशील बदललेत, नातवाला विचारून लिहितेय). नातू पंधरा वर्षांचा, कॉरिडॉरमधल्या मारामारीत सस्पेंड झालेला, शाळेने 'बिकमिंग अ मॅन'चा ग्रुप सुचवला होता, म्हणजे शाळेतच काउन्सेलरसोबत पोरांनी गोल करून बसायचं आणि डोकं तापलं की काय करायचं ते शिकायचं. आजी म्हणाल्या, मारामाऱ्या करणारी पोरं एका खोलीत कोंडून तुम्ही काय साधणार?

शंका अगदीच खोटी नाही. पोरं नुसती एकत्र सोडली की एकमेकांचं नको तेच उचलतात. पण ही पोरं त्याला घराजवळच्या रस्त्यावर रोज भेटतातच की, म्हणून मी म्हणलं, पोरं कोण आहेत ते सोडा, त्यांच्यात बसणारा मोठा माणूस कोण आहे ते बघा, त्याला एकदा भेटा. भेटल्या, उलटतपासणी घेतली, मग सही केली.

सुरुवातीला तिथे एक खेळ असतो, एकाच्या मुठीत बॉल आणि दुसऱ्याने तो तीस सेकंदांत काढून घ्यायचा. बोटं पिरगाळणं, ढकलाढकली सगळं होतं, मग काउन्सेलर विचारतो, अरे मागितला का नाहीस? नातू म्हणाला, मागितला तर हा मला भित्रा समजेल. आणि समोरचा म्हणतो, दिला असता की, बॉलच तर आहे!

मला यातली आवडणारी गोष्ट म्हणजे इथे कोणी 'भांडू नकोस' असा उपदेश करत नाही. त्यांच्या रस्त्यावर एकदा नमतं घेतलं की उद्या फोन जातो, परवा बूट जातात, हे पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तीच सवय वर्गात टीचरने आवाज चढवल्यावर आपोआप बाहेर येते, ती ओळखून क्षणभर थांबायचं, एवढंच शिकवतात.

शिकागो युनिव्हर्सिटीच्या क्राइम लॅबने चिठ्ठ्या टाकल्यासारखी पोरं निवडून हे तपासलंय: प्रोग्रॅम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका, निवड न झालेल्या पोरांपेक्षा 45 ते 50 टक्के कमी. मात्र प्रोग्रॅम संपल्यावर अटकांमधला हा फरक टिकला नाही, शाळा पूर्ण करणारे मात्र वाढले. म्हणून एका वर्षात पोरगं 'सुधारून' मिळेल असं मी कोणालाच सांगत नाही, या नातवाचंही मध्ये एकदा वाजलंच.

तरी आता नवीन पोरांसाठी चेक-इन तोच सुरू करतो, आज अंगात कसं वाटतंय, डोक्यात काय चाललंय, आधी स्वतःचं सांगायचं मग दुसऱ्याला विचारायचं. लीडरशिप म्हणतात ती मला तरी यातच दिसते, सर्टिफिकेटात नाही.

आता उन्हाळ्याच्या जॉबचा फॉर्म भरलाय. शिकागोतल्याच 2012 च्या समर जॉबच्या अभ्यासात 16 महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका 43 टक्के कमी दिसल्या होत्या, तेही बहुतेक जॉब संपल्यानंतर, त्यामुळे मी यावर अडूनच बसले. आजींचं म्हणणं एवढंच की बस दुसऱ्या गँगच्या एरियातून जाणार असेल तर जॉब नको. यावर मी वाद घातला नाही, चालत जाता येईल अशी जागा शोधतोय.