रोल केज सुरक्षेसाठीच लावला, तरी चलान का?

प्रश्न: माझ्या हॅचबॅकची मागची सीट काढून मी तिथे रोल केज (गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवायचा पोलादी नळ्यांचा सांगाडा) वेल्ड करून घेतला आहे. अधूनमधून रेसिंग ट्रॅकवर जातो, एरवी ऑफिसला हीच गाडी. परवा बेकायदा फेरबदलाचं चलान झालं. गॅरेजवाला म्हणतो, 'ही सेफ्टीची वस्तू, कोर्टात टिकणार नाही.' लढू का?

उत्तर: लढायचा हक्क तुम्हाला आहे, पण सुरक्षेच्या मुद्द्यावर लढू नका. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ला तुमचा हेतू काय होता याच्याशी देणंघेणं नाही. आरसीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाने करायचा नाही, एवढंच ते सांगतं. तुमच्या आरसीत पाच आसनं असतील, गाडीत दोन उरली. रिकाम्या गाडीचं वजनही बदललं.

कायद्यात 'फेरबदल' म्हणजे गाडीच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला बदल. सगळ्या सीट जागेवर ठेवून केज नुसता बोल्टने बसवला असता, तर या व्याख्येवर थोडाफार युक्तिवाद मी केला असता. तोही अवघडच, कारण 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने कलम 52 चा अर्थ कडक लावला आहे. गाडीच्या पुढे लावायच्या बुल बारलासुद्धा केंद्रीय परिवहन मंत्रालयाने 2017 मध्ये याच कलमावर बोट ठेवून हरकत घेतली होती. तुमचा केज तर बॉडीला वेल्ड केलेला आहे.

शिक्षा कलम 182 अ, पोटकलम 4 मध्ये आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' हा शब्द नीट वाचा. दंड भरला म्हणून केज कायदेशीर होत नाही, पुढच्या चौकात पुन्हा अडवतील.

गॅरेजवाल्याच्या 'सेफ्टी'बद्दलही बोलायला हवं. ट्रॅकवर डोक्यात हेल्मेट असतं, हार्नेसने अंग सीटला बांधलेलं असतं. ऑफिसला जाताना तुमचं डोकं उघडं आणि बाजूला पोलादी नळी. साध्या धडकेतही तीच कवटीवर आदळू शकते. पडदा एअरबॅग (खिडकीच्या वरून खाली उघडणारी) असेल तर तिच्या उघडण्याच्या वाटेत ही नळी येऊ शकते.

दोनच मार्ग दिसतात. केज कापून काढा, सीट परत बसवा आणि तसे फोटो, बिलं घेऊन चलानाच्या तारखेला हजर राहा. नाहीतर ही गाडी फक्त बंदिस्त खाजगी ट्रॅकपुरती ठेवा आणि तिथवर ट्रेलरवर न्या. ट्रॅकच्या फाटकापर्यंत चालवत नेली तरी तो सार्वजनिक रस्ताच.

विम्याचं नूतनीकरण तोंडावर असेल तर केजची माहिती कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. लपवलेला बदल सर्वेअरच्या नजरेस पडला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो, आणि ती रक्कम दंडाच्या कितीतरी पट असेल.