रोमा लोक आणि आपले बंजारा एकच का?

प्रश्न: मी बंजारा समाजातला आहे. युरोपात ज्यांना जिप्सी म्हणतात ते रोमा लोक म्हणजे इथून गेलेले बंजाराच, असे व्हिडिओ सारखे येतात. डीएनएमधून खरंच काही सिद्ध झालंय का? – एक वाचक, वाशीम

उत्तर: रोमा मूळचे भारतातले हे पक्कं आहे, पण रोमा आणि बंजारा एकच असं डीएनएवरून कुणी दाखवलेलं नाही, घागरे आणि फिरतं जगणं बघून लोक तसं जोडतात. 2012 मध्ये युरोपातल्या 13 रोमा गटांमधल्या 152 जणांचे जीनोम तपासले, तेव्हा दिसलं की हे सगळे साधारण 1500 वर्षांपूर्वी उत्तर किंवा वायव्य भारतातून निघालेल्या एकाच छोट्या गटाचे वंशज आहेत आणि आग्नेय युरोपातल्या बाल्कन भागातून युरोपभर पांगायला सुरुवात झाली ती अंदाजे 900 वर्षांपूर्वी. त्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या थंगराज यांच्या टीमने बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय क्रोमोसोमचा माग काढला, तर सगळ्यात जवळचं नातं निघालं वायव्येकडच्या अनुसूचित जाती-जमातींशी. राजपूत योद्धे लढत लढत तिकडे गेले ही गोष्ट लोक फार आवडीने सांगतात, पण तिला यातून आधार मिळत नाही, आणि मला वाटतं मिळायची गरजही नाही, कष्टकरी लोकांनी एवढा पल्ला गाठला हेच केवढं मोठं आहे!

वाटेत आणि युरोपात स्थानिकांशी लग्नं झाली, त्यामुळे आजचे रोमा युरोपचेही तितकेच आहेत.

पण सगळ्यात बोलका पुरावा एका आजाराचा आहे. काही रोमा बाळांच्या पापण्या जन्मापासून झुकलेल्या असतात, स्नायू लवकर थकतात. त्यामागचा जनुकातला नेमका तोच बदल भारत-पाकिस्तानातल्या काही कुटुंबांतही सापडलाय, म्हणजे तो निघतानाच सोबत गेला. मूळ गट छोटा आणि लग्नं आपसातच, म्हणून तो टिकला. आता अशा बाळात डॉक्टर आधी हाच बदल तपासू शकतात.

एक गोष्ट मात्र कृपया लक्षात ठेवा, नाझी जर्मनीत रॉबर्ट रिटर या वंशसंशोधकाच्या ऑफिसने हजारो रोमांची मापं आणि रक्त घेतलं, वंशावळी लिहून काढल्या आणि त्याच याद्यांवरून माणसं छळछावण्यांत गेली. त्यामुळे रक्ताचा नमुना द्यायला आजही कुणी रोमा नको म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे, आणि संशोधन कितीही चांगलं असलं तरी त्याची परवानगी आधी.