वाचकांचे प्रश्न : अमेरिकन गाडी मूळ रूपात आणताना

प्रश्न : आजोबांची 1954 सालची कॅडिलॅक सीरिज 62, चार दारांची, बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे. इंजिन जाम आहे, पायाखालचा पत्रा सडलाय. गॅरेजवाले म्हणतात, 'आधी सगळी खोलून टाकू, मग काय ते बघू.' सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, माजिवडा, ठाणे

उत्तर : पहिले दोन आठवडे पाना हातात घेऊ देऊ नका. आधी नोंदी करायच्या. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यावर एक छोटी पाटी असते. तिच्यावर बॉडीचा स्टाइल नंबर (तुमच्या गाडीला 54-6219), सीटच्या कापडाचा कोड आणि रंगाचा कोड असतो. पाटी घासू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि तिरक्या उजेडात फोटो काढा. मग ब्लॉकवर ठोकलेला नंबर शोधा. पहिले दोन आकडे सालाचे, पुढचे दोन सीरिजचे, म्हणजे सुरुवात 5462 अशी हवी. तो आरसी बुकाशी ताडून बघा. जुळत नसेल तर पैसे खर्च करण्याआधी ते कळलेलं बरं.

जागेचाही हिशेब करा. ही गाडी 18 फूट लांब आहे. सोसायटीतल्या 5 मीटरच्या पार्किंगमधून ती अर्धा मीटर बाहेर येते, आणि सुटी केल्यावर तिला स्वतःच्या तिप्पट जागा लागते. छप्पर असलेला, वर्षभर हलवावा न लागणारा गाळा मिळाल्याशिवाय काम काढू नका.

खोलताना प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवा. कागदाच्या चिठ्ठ्या आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकत नाहीत, शाई पसरते. ऍल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरून तीच पिशवीत टाका : कुठला बोल्ट, किती, कुठल्या बाजूचा. हे सगळे आटे अमेरिकन इंची मापाचे आहेत. इथे सर्वात जास्त नुकसान होतं. 5/16चा जुना ब्रिटिश बोल्टही इंचाला 18 आट्यांचाच असतो, त्यामुळे तो बसतो. पण त्याच्या आट्याचा कोन 55 अंश आणि अमेरिकन आट्याचा 60. आवळला की आतले आटे चावले जातात. अर्ध्या इंचाला तर ब्रिटिश 12 आणि अमेरिकन 13 आटे. आणि कुणी 'साहेब, आठचा टॅप मारून देतो' (म्हणजे 8 मिमीचे मेट्रिक आटे पाडून देतो) म्हणालं तर तिथेच थांबवा. जुना बोल्ट गंजलेला असला तरी नवा हातात येऊन बसून बघेपर्यंत तो टाकायचा नाही. तोच तुमचा नमुना. हे काचेच्या रबरापासून सीटच्या शिवणीपर्यंत सगळ्याला लागू आहे.

जाम इंजिन ठोकून किंवा स्टार्टर मारून सोडवायचं नाही. आठही प्लग काढा. गिअरबॉक्सचं एटीएफ तेल आणि ऍसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण 60 मिली ओता. आठ-दहा दिवस तसंच ठेवा, मिश्रण मुरेल तसं थोडं थोडं वाढवा. ऍसिटोनची वाफ पेट घेते, म्हणून बॅटरीची वायर काढलेली हवी आणि जवळ वेल्डिंग नको. मग खालचं झाकण काढून फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) दात्यांवरून हलक्या हाताने पुढे-मागे हलवा. एक दात पुढे, एक मागे, एवढंच. सुटलं की लगेच चालू करायचा मोह आवरा. रॉकरची झाकणं काढून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि सोळाही व्हॉल्व्ह उघडून परत मिटतात का ते डोळ्यांनी बघा. एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असताना स्टार्टर मारला तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) वाकतो. ऑइल सम्प (इंजिनाखालचं तेलाचं पात्र) उतरवून तळाचा डांबरासारखा गाळ खरवडल्याशिवाय नवं तेल भरू नका, नाहीतर तो गाळ पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

आता पत्रा. बॉडी चासीवर रबरी गाद्यांवर बसवलेली असते, आणि काही गाद्यांखाली दारांच्या फटी जुळवण्यासाठी पातळ पट्ट्या घातलेल्या असतात. कुठल्या बोल्टखाली किती पट्ट्या, हे लिहून ठेवा. ही एक नोंद चुकली की शेवटी दारं लागत नाहीत आणि दोष बिजागरीवर येतो. दाराखालची सडलेली पेटी कापताना बॉडी चासीवरच असावी, दारं लावलेली असावीत, आणि एका वेळी एकच बाजू कापावी. त्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके लोखंडी पाइप टाचून घ्या. नवा पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड), 18 ते 20 गेजचा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) वापरू नका; वेल्डिंगला जस्त जळून टाके पोकळ येतात आणि धूरही अपायकारक असतो. बोनेट, छप्पर, दारं यांच्यावर सँडब्लास्टिंग करू नका, मोठा सपाट पत्रा त्याने लाटेसारखा वाकतो. ब्लास्टिंग चासीला ठीक.

ब्रेक अखेरीस, पण पूर्ण. या गाडीला एकच सर्किट आहे : एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. तांब्याची साधी नळी चालणार नाही. 3/16 इंची स्टीलची किंवा कुप्रोनिकेलची (तांबं-निकेल मिश्रधातूची) नळी आणि तोंडाला दुहेरी फ्लेअर, म्हणजे दुमडून पसरवलेली कड. जुन्या लायनरच्या धुळीत ऍसबेस्टॉस असतं, त्यामुळे ड्रममध्ये हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

प्रश्न : माझी 1953 ची कॅडिलॅक चालू आहे, पण निळा धूर फार मारते. मेकॅनिकने बोअर करायला (सिलिंडर आतून कापून मोठे करायला) सांगितलंय. खर्च मोठा आहे. करू का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : अजून नाही. आधी वायपरकडे बघा.

या काळातल्या गाड्यांचे वायपर व्हॅक्युमवर चालतात, आणि त्या व्हॅक्युमला मदत म्हणून पेट्रोल पंपातच दुसरा कप्पा असतो. म्हणजे एकाच पंपात दोन पडदे : एक पेट्रोल ओढतो, दुसरा हवा. हा दुसरा पडदा फाटला की इंजिनच्या पोटातली तेलाची वाफ आणि तेल थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा-पेट्रोल पोचवणाऱ्या नळ्यांमध्ये) ओढलं जातं. धूर अगदी पिस्टनच्या रिंगा गेल्यासारखा दिसतो. तपासणी पाच मिनिटांची : पंपाकडून मॅनिफोल्डला जाणारी व्हॅक्युमची नळी काढा, मॅनिफोल्डचं तोंड रबरी बुचाने बंद करा आणि गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवा. धूर विरला तर पंपाला पडद्यांचा संच लागेल, इंजिनला काही नाही. काढलेल्या नळीत बोट घालून बघा. बोट तेलकट निघालं तर शंका उरत नाही.

तरीही धूर राहिला तर तेल भरायच्या टोपीची जाळी आणि खाली जाणारी श्वासनळी रॉकेलने धुवा. ती तुंबली की आतला दाब वाढून तेल वर चढतं. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा : इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. सर्वात कमी आकडा सर्वात जास्त आकड्याच्या किमान 75 टक्के असेल तर बोअरचा विषय सोडा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह.

आणि धूर पांढरा असेल, गाडीला पॉवर ब्रेक असेल आणि ब्रेक ऑइल कुठेही गळताना न दिसता कमी होत असेल, तर गाडी त्या क्षणी उभी करा. पॉवर ब्रेकचं सील फाटून ते ऑइल इंजिनमध्ये जातंय. एकच सर्किट असल्याने पुढची पायरी ब्रेक पूर्ण जाण्याची आहे.

प्रश्न : बंपर आणि बाकी चकचकीत तुकडे वागळे इस्टेटमधून प्लेटिंग करून घ्यायचे आहेत. काय सांगून द्यावं?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : देण्याआधी प्रत्येक तुकड्याला चुंबक लावा. चिकटला तर स्टील. न चिकटणारे बहुतेक तुकडे – दिव्यांच्या कडा, हँडल, अक्षरं – जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. त्यांना कारागीर मझॅक म्हणतात. स्टील तांबूस गंजतं; मझॅकवर फोड येतात आणि फोड फुटला की खाली टाचणीच्या डोक्याएवढा पांढुरका खड्डा दिसतो. दोन्हींची वाट वेगळी, म्हणून दोन वेगळ्या पेट्यांत द्या आणि पेटीवर ठळक लिहा. स्टीलसाठीच्या ऍसिडच्या टाकीत मझॅकचा तुकडा गेला तर तो फसफसून विरघळायला लागतो, आणि बाहेर येतं ते पुन्हा अक्षर म्हणून ओळखता येत नाही.

मझॅकवर थेट ऍसिड कॉपरही (ऍसिडच्या द्रावणातून चढणारं तांबं) चढवायचं नाही. आधी सायनाइड कॉपरचा पातळ थर, मग ऍसिड कॉपरचा जाड थर, तो घासून खड्डे सपाट, लागेल तिथे परत तांबं, मग निकेल, शेवटी क्रोम. मोठे खड्डे आधी बारीक ड्रिलने पार साफ करून कमी उष्णतेच्या डाखाने भरावे लागतात; तळाशी गंजाची पूड राहिली तर वर्षभरात तिथेच फोड येतो. निकेल 20 ते 25 मायक्रॉन मागा. क्रोमचा थर एक मायक्रॉनही नसतो, तो फक्त निळसर झाक देतो. गंज अडवतं ते निकेल, आणि खाडीच्या वाऱ्यात स्वस्त प्लेटिंग फसतं ते निकेल वाचवल्यामुळे.

बफवाल्याला मात्र स्वतः भेटा. जास्त दाब दिला की धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. तुकड्याची जाडी दोन-तीन ठिकाणी कॅलिपरने मोजून दिलीत तर तोही जपून हात चालवतो.

प्रश्न : मूळ रंग कोणता होता ते कसं ओळखायचं? आणि पावसाळ्याआधी रंग उरकून घ्यावा का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : घाईने उरकू नका. पाटीवरचा कोड हा पहिला पुरावा. दुसरा पुरावा ग्लव्हबॉक्सच्या मागे किंवा दाराच्या आतल्या पुठ्ठ्याखाली मिळतो, जिथे ऊन पोचलेलं नाही. तिथे रुपयाएवढी जागा 600 च्या पाणी-पेपरने घासा. थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे उलगडतात : आतून बाहेर प्रायमर, मूळ रंग, नंतरचे हात. मूळ थरावर थोडं कंपाउंड फिरवलं की खरी छटा दिसते, आणि रंग मिसळून देणाऱ्या दुकानात यंत्राने ती मोजता येते.

त्या काळी जनरल मोटर्स नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरायची. आपल्याकडे तोच डुको किंवा एनसी. मूळ चमक हवी तर एनसीच. ती पीयूसारखी (पॉलियुरेथेन रंगासारखी) काचेची नसते, तिला खोली असते. पण हात पातळ हवेत, सहा ते आठ. जाड मारला की काही वर्षांत तडे जातात. रोजच्या उन्हात गाडी राहणार असेल तर साधा एकरंगी पीयू घ्या, वरून वेगळा क्लिअर (पारदर्शक हात) नको. क्लिअरचा थर या गाड्यांवर लगेच उपरा दिसतो.

एनसी पावसाळ्यात मारला तर पांढरट धुकं धरतो. थिनर उडताना पत्रा थंड करतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगात उतरते. म्हणून रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. जून ते सप्टेंबर इंजिन, वायरिंग, सीट यांची कामं करा. उघडा पत्रा मात्र कुठल्याच ऋतूत रात्रभर ठेवू नका. जेवढा घासला तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर.

प्रश्न : 1951 ची पॅकार्ड. नवी बॅटरी टाकूनही स्टार्टर रडत रडत फिरतो. 12 व्होल्ट करून घेऊ का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : नको. तुमची गाडी 6 व्होल्टची आहे, त्यामुळे तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, आणि कुणीतरी तिला आजच्या गाडीची बारीक केबल लावलेली असणार. 70 चौरस मिमीची तांब्याची वेल्डिंग केबल घ्या, टोकं दाबून डाख द्या, अर्थिंगची केबल थेट इंजिनला जोडा आणि त्या जागेचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडा. पॅकार्डला पॉझिटिव्ह अर्थ असतं, हे नव्या इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा.

प्रश्न : गाडीचा नंबर जुना 'बीएम' मालिकेतला आहे. व्हिंटेज म्हणून नोंदणी केली तर काय बदलतं?
– एक वाचक, वाशी

उत्तर : 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज धरली जाते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, पुनर्नोंदणीचं 5,000, मुदत 10 वर्षं. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठी बाहेर काढता येते.

अडचण येते ती इंजिनाची. आपल्याकडे कित्येक अमेरिकन गाड्यांत परवडावं म्हणून डिझेल इंजिन बसवलं गेलं. तुमच्या गाडीत तसं असेल तर अर्जाआधी मूळ इंजिनाचा शोध घ्या. पुष्कळदा ते त्याच घराच्या गोदामात पडलेलं असतं, आणि जाम असलं तरी त्याचा नंबर लाखमोलाचा असतो.

प्रश्न : हल्लीचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालेल का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : इंजिन चालेल, रबर टिकणार नाही. जुन्या नळ्या आतून फुगून चिकट होतात आणि पंपाचा पडदा कडक होतो. नळीवर 30आर9 असं (इंधनाच्या नळीचा दर्जा) छापलेलं बघूनच घ्या, आणि पडद्याचा संच इथेनॉल सोसणाराच मागवा. हे पेट्रोल टाकीतला जुना राळेसारखा थरही सोडवतं, म्हणून पंपाच्या आधी काचेची गाळणी लावा आणि पहिले दोन महिने ती दर आठवड्याला बघा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर मे अखेरीस टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.