वाय-फाय न पोहोचणाऱ्या खोलीतील टीव्हीसाठी पॉवरलाइन ॲडाप्टर घ्यावा का? 600 चा की 1300 चा?

घ्यावा. घरातील विजेच्या तारांमधूनच इंटरनेट एका खोलीतून दुसरीकडे नेणारी ही दोन ॲडाप्टरांची जोडी असते. 600 की 1300, म्हणजे खोक्यावर मेगाबिटमध्ये लिहिलेल्या वेगाचा प्रश्न, तूर्त बाजूला ठेवावा. राउटर तळमजल्यावर, टीव्ही वरच्या मजल्यावर आणि मध्ये स्लॅब, एवढे तुम्ही लिहिले आहे. परंतु दोन्ही ठिकाणचे सॉकेट कोणत्या सर्किटवर आहेत, घरात इन्व्हर्टर आहे का आणि जोडणी सिंगल फेज आहे की थ्री फेज, हे लिहिलेले नाही. उत्तर बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून आहे. ‘हे सगळे थोतांड आहे’ असे तुम्हाला कोणीतरी सांगितल्याचा उल्लेखही तुमच्या प्रश्नात आहे, आणि मुख्यतः त्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो.

आमचे घर सावंतवाडीजवळ आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड फूट जाडीच्या. राउटर ओटीवर, आणि वडिलांची खोली माजघराच्या पलीकडे. पाच गिगाहर्ट्झचा वाय-फाय पहिल्याच भिंतीत संपतो, 2.4 चा कसाबसा पोहोचतो, पण चित्र अडखळते. वडिलांना दशावताराचे वेड आहे. आसपासच्या जत्रांमधील नाटके मी अनेक वर्षे कॅमेऱ्यावर चित्रित केली असून ती सारी राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर आहेत. या मूळ फाइलींना सेकंदाला 24 मेगाबिटपर्यंत वेग लागतो, तर नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी 5 आणि फोर-केसाठी 15 मेगाबिट पुरेसे मानते. म्हणजे घरातल्या घरात स्वतःची फाइल पाहणे हे इंटरनेटवरील चित्रपट पाहण्यापेक्षा जड काम आहे, ही गोष्ट सल्ला देणारे सहसा लक्षात घेत नाहीत.

माझ्या थोरल्या बंधूंनी त्यावर उपाय म्हणून वाय-फाय रिपीटर, म्हणजे वाय-फाय पकडून पुढे पाठवणारे यंत्र, आणून लावला. एकाच रेडिओचा रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर बोलतो, त्यामुळे निम्मी क्षमता भिंतीपर्यंत जाण्याआधीच खर्ची पडते. नाटक रंगात आले की चित्र थांबायचे. शेवटी मी 600 चा पॉवरलाइन संच मागवला. तो गणपतीच्या दिवसांत आला, आणि बंधूंनी तो स्वतःच्या हाताने जोडला: एक ॲडाप्टर ओटीवरच्या, इन्व्हर्टरच्या सर्किटवर असलेल्या सॉकेटमध्ये आणि दुसरा वडिलांच्या टीव्हीच्या स्पाइक गार्डमध्ये. वेग 7 मेगाबिटच्या पुढे जाईना. ‘खोक्यावर 600 लिहितात आणि 7 देतात, ही शुद्ध फसवणूक आहे,’ असा निकाल त्यांनी साऱ्या घरासमोर दिला आणि संच परत पाठवायला सांगितला.

मी तो परत पाठवला नाही. ॲडाप्टर विजेच्या 50 हर्ट्झच्या प्रवाहावर उच्च वारंवारितेचा संदेश चढवतो. जुन्या होमप्लग एव्ही पद्धतीत ही वारंवारिता साधारण 2 ते 28 मेगाहर्ट्झ असते, आणि 2012 मध्ये आलेल्या एव्ही 2 पद्धतीत ती 86 पर्यंत वापरता येते. स्पाइक गार्डमधील फिल्टर नेमके असेच उच्च वारंवारितेचे घटक शोषून घेण्यासाठी बसवलेले असतात, तेव्हा संदेशाचा गळा तेथेच आवळला जात होता. शिवाय आपल्याकडे इन्व्हर्टरचे सर्किट वेगळे काढलेले असते. इन्व्हर्टरवरच्या सॉकेटमधून थेट लाइनवरच्या सॉकेटकडे जाताना संदेशाला इन्व्हर्टरच्या आतून किंवा दूरच्या वळणाने जावे लागते, आणि त्यात तो क्षीण होतो. वायरमनला बोलावून कोणता पॉइंट कोठून निघतो ते शोधले, दोन्ही ॲडाप्टर इन्व्हर्टरच्याच सर्किटवर थेट भिंतीतील सॉकेटमध्ये लावले आणि स्पाइक गार्ड दुसऱ्या सॉकेटवर हलवला. त्याच संचाने 70 मेगाबिटच्या आसपास वेग दिला. कोकणातल्या पावसाळ्यात वीज जाणे नेहमीचेच आहे. दोन्ही टोके इन्व्हर्टरवर असल्यामुळे तेव्हाही नाटक चालू राहते, वेग थोडा उतरतो एवढेच.

आता त्या 600 च्या आकड्याविषयी. तो दोन ॲडाप्टरांमधील तारेवरचा, दोन्ही दिशांचा मिळून धरलेला कमाल वेग असतो आणि घरात तो कोणालाही मिळत नाही. 600 च्या अनेक संचांवरील इथरनेट पोर्टच 100 मेगाबिटचे असते, त्यामुळे त्याहून अधिक मिळण्याचा प्रश्नच नाही. हा आकडा वाचून संतापणे मला समजते, पण टीव्हीची गरज 24 ची असताना 70 देणाऱ्या यंत्राला निकामी ठरवणे मला मान्य नाही, आणि आमच्या घरातील वाद आजही याच मुद्द्यावर अडलेला आहे. तुमच्याकडेही असा निकाल देणारे कोणी असेल, तर त्यांच्या समोर आधी दोन्ही ॲडाप्टर एकाच खोलीतील, भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये लावून वेग मोजावा आणि मग एक वर न्यावा. वेग कोठे पडतो हे दिसले की दोष यंत्राचा की वायरिंगचा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

1300 चा संच घ्यायचा तर तो तीन पिनांचा आणि संदेशासाठी अर्थिंगची तारही वापरणारा असावा, आणि घराचे अर्थिंग खरोखर नीट जोडलेले असावे. ते नसेल तर जास्तीचे पैसे वाया जातील.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जोडणी थ्री फेज असेल आणि तळमजला एका फेजवर व वरचा मजला दुसऱ्यावर असेल, तर निकाल वाईट येऊ शकतो. म्हणून परत घेण्याची मुदत पाहूनच खरेदी करावी. मोबाइलचे हलक्या प्रतीचे चार्जर, एलईडी दिवे आणि मिक्सर तारेत गोंगाट सोडतात, त्यामुळे संध्याकाळी वेग कमी दिसला तर नवल नाही. सदनिकेत राहत असाल, तर जोडणीचे बटण दाबून स्वतःची सांकेतिक किल्ली तयार करून घ्यावी, कारण संदेश तुमच्या मीटरपाशी थांबेलच असे नाही. आणि भिंतीतून केबल नेण्यास पाइप मोकळा असेल, तर ॲडाप्टरचा विचार सोडून कॅट 6 केबलच ओढावी. 100 मीटरपर्यंत ती एक गिगाबिट देते आणि तिला ना फेजची अडचण, ना मिक्सरची. आमच्या चिऱ्यात पाइप नाही आणि वडील भिंतीला छिद्र पाडू देत नाहीत. बंधूंनी केबलची बाजू मांडली असती तर मी त्यांच्याशी वाद घातलाच नसता. त्यांचा आग्रह रिपीटरचा होता.