गुलमर्गला पहिल्यांदाच जातोय. स्की शिकावं की स्नोबोर्ड?

चार-पाच दिवसच हातात असतील तर स्कीच घ्या. प्रत्येक पायाला वेगळी पट्टी, त्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणून टाचा बाहेर ढकलल्या की थांबताही येतं. मला हे पहिल्याच दिवशी जमलं. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. माझा धाकटा भाऊ दोन दिवस नुसता बुडावर आपटत होता (मनगटंही सुजली), तिसऱ्या दिवशी मात्र पठ्ठ्या मजेत वळणं घ्यायला लागला! सपाट जागी बोर्ड अडतो, मग एक पाय सोडवून ढकलत बसा.

सराव खालच्या उतारांवरच करा. गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथून नजारा बघा, पण घसरत उतरायचा हट्ट नको. हिमस्खलनाचा धोका असतो.