मन दुखतं की दुखावतं?

अमळनेरच्या एका परिचारिकाताईंनी विचारलं आहे : ‘आमच्याकडे पेशंटच्या कागदावर "वेदना ० ते १०" असा रकाना असतो. एका आजींनी गुडघ्याचे तीन सांगितले आणि वर म्हणाल्या, गुडघ्याचं काय घेऊन बसलीस, मुलगा बोलत नाही त्याचं लिही. "वेदना" हा शब्द दोन्हींना चालतो का? गुडघा दुखतो म्हणतो, मग मन दुखतं असं का म्हणत नाही? आणि मनाचं दुखणं ही नुसती उपमाच आहे का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येतं. चालतो, अगदी बिनदिक्कत चालतो. ‘वेदना’ आला ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूवरून. मुळात अर्थ एवढाच की काहीतरी जाणवणं. बौद्धांच्या पाली वाङ्मयात सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा तीन वेदना सांगितल्या आहेत. ‘सुखद वेदना’ आज कानाला खटकेल, पण त्यातून एक गोष्ट कळते : जे जाणवतं ते शरीरात की मनात, याच्याशी या शब्दाला कधी देणंघेणंच नव्हतं.

ही फारकत करणारी जोडी संस्कृतात होती. व्याधि शरीराचा, आधि मनाचा. ‘पुंस्याधिर्मानसी व्यथा’, असं अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सांगतो. म्हणजे आधि हा पुल्लिंगी शब्द आणि अर्थ मनाची व्यथा. मराठीनं ‘आधिव्याधी’ हा जोडशब्द ठेवला, पण त्यातला आधि सुटा वापरायचं सोडून दिलं. ‘व्याधी जडली’ आपण म्हणतो, ‘आधी जडली’ कुणी म्हणत नाही. म्हटलं तर ‘आधी जडली, मग काय?’ असंच ऐकणारा विचारेल. मनाच्या दुखण्याला एक छोटं, सुटसुटीत नाव होतं ते आपल्या हातून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे ‘दुःख’ आणि ‘दुखणं’ यांची वाटणी झाली. दुःख मनाकडे गेलं, दुखणं शरीराकडे राहिलं. दुखणाईत म्हणजे आजारी माणूस, दुःखी म्हणजे वेगळाच. आपल्या खानदेशातल्या अहिराणी बोलीतही ‘डोकं दुखस’, ‘पोट दुखस’ असं अंगाचंच दुखणं आधी आठवतं.

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते खरी गंमत, किंवा खरी मेख, इथंच आहे.

‘दाढ दुखते’ या वाक्यात दाढ स्वतःच कर्ता आहे. का दुखते ते ठाऊक नसलं तरी वाक्य पुरं होतं. ‘मन दुखावलं’ म्हटलं की मात्र ऐकणारा लगेच विचारतो, कुणी दुखावलं? आता कुणी म्हणेल, दुखणं शरीराचं आणि दुखावणं मनाचं, झालं. तसं नाही. फलंदाजाचा खांदा दुखावतो. नांगराला जुंपलेल्या बैलाचा पाय खड्ड्यात पडून दुखावतो. पण संधिवाताचा गुडघा दुखतो, तो दुखावत नाही. जिथं मार बसला, पाय मुरगळला, हिसका लागला, तिथं दुखावणं. जिथं आतूनच उठलं, तिथं दुखणं. म्हणजे मराठीनं रेघ ओढली आहे ती शरीर आणि मन यांच्यामध्ये नाही. आतून उठलेलं एकीकडे आणि बाहेरून आलेलं दुसरीकडे, अशी ती रेघ आहे. आणि मनाचं दुखणं तिनं सरसकट बाहेरून आलेल्यात टाकलं.

शरीरावरून मनाकडे गेलेले शब्द आठवून पाहा. बोचणं, टोचणी, चटका, चरका, घाव, जखम, डंख, झोंबणं. प्रत्येकाला बाहेरचं काहीतरी लागतं : टोक, धार, विस्तव, नांगी. आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचून आलेल्या बाईचे हात बघितलेत का? तडकलेल्या बोंडाची सुकी टोकं नखांच्या मुळाशी दिवसभर टोचत असतात. वेचण्याच्या नादात ते कळतही नाही. संध्याकाळी भाजी करताना हाताला मीठ-मिरची लागली की मग झोंबतं. ‘त्याचं बोलणं झोंबलं’ म्हणताना आपण हाच शब्द, याच क्रमानं वापरतो. बोललेलं तिथल्या तिथं नाही झोंबत, घरी गेल्यावर झोंबतं.

सगळ्यांत साधा शब्द ‘लागणं’. पायाला लागलं, मनाला लागलं, क्रियापद एकच. अहिराणीत ‘जीवले लागनं’. मला हे ‘दुःख झालं’पेक्षा कितीतरी नेमकं वाटतं, कारण त्यात दगडही आहे आणि लागलेली जागाही आहे. ‘जिव्हारी लागलं’ त्याच्याही पुढे जातं. जिव्हार म्हणजे जिथं लागलं तर जीव जाईल अशी जागा. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात शरीरातली १०७ मर्मं, म्हणजे नाजूक जागा, मोजली आहेत; त्यांतल्या काही अशाच जीवघेण्या. बोलणाऱ्याला तो हिशेब माहीत नसतो, पण कुठं लागलं तर भरून येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

‘सल’ या शब्दाकडे तर थांबून बघायला हवं. सल हा शल्याचा मराठी अवतार, मधे प्राकृत ‘सल्ल’. शल्य म्हणजे बाणाचं टोक, अंगात घुसून राहिलेली वस्तू. ते काढण्याची विद्या ती शल्यचिकित्सा. जळगाव असो, धुळे असो, नंदुरबार असो, सरकारी रुग्णालयात ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ अशी पाटी असतेच. त्याच पाटीखाली बसलेली बाई ‘मनात एक सल आहे’ म्हणते तेव्हा ती उपमा देत नसते; एकच शब्द दोन वाटांनी तिथं पोचलेला असतो. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात एक ‘सल्लसुत्त’ आहे. त्यात म्हटलंय की शरीराला दुखलं की अजाण माणसाला दोन बाण लागतात, पहिला शरीराचा आणि त्यावर शोक करत बसल्यामुळे दुसरा मनाचा. दोन्हीकडे बाणच.

आता उलटी बाजू. आतून उठणाऱ्या वेदनांना मराठीत शब्दांची कमी नाही : कळ, ठणका, पेटका, उसण, गोळा, चमक. यातला कुठला मनाकडे गेला? मनात पेटका येत नाही, मन उसण भरून बसत नाही. जे थोडे शब्द गेले त्यांचं काय झालं ते बघा. ‘पोटात दुखणं’ म्हणजे हेवा. पोटशूळ उठला, तोही हेवाच. जळजळ, पुन्हा हेवा. मळमळ म्हणजे आकस. ‘मनातली मळमळ ओकली’ हे कौतुकानं कुणी म्हणत नाही. डोकेदुखी म्हणजे कटकट. शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घेतल्यावर पोटात दुखतं, भाऊ गेल्यावर पोटात दुखत नाही. एकाही शब्दात दुःख म्हणून दुःख नाही, सगळे माणसाचे दोष.

अपवाद दोन. एक ‘कळवळणं’ : पोटात कळ आली की माणूस कळवळतो, आणि दुसऱ्याचं दुःख पाहूनही कळवळतो. कळ आतूनच उठते, पण मनाकडे येताना ती दुसऱ्याच्या नावावर झाली. दुसरा ‘पोटात तुटणं’. मूल दूर गेलं की आईच्या पोटात तुटतं. तिथंही तुटायला दुसरं टोक लागतंच.

हे सगळं एवढं का उगाळतोय? कारण याचा त्रास खऱ्या माणसांना होतो. सासूनं टोमणा मारला, भावानं माहेरी न्यायला मूळ पाठवलं नाही, मुलगा बोलत नाही, अशा दुःखाला आपल्या भाषेत शंभर शब्द आहेत. पण कुणी काही केलेलं नाही, घरात सगळं ठीक आहे, आणि तरी सकाळी उठवत नाही, जेवण गोड लागत नाही, असं नैराश्य ज्याला आलंय त्यानं काय बोलावं? त्याचं मन दुखावलेलं नाही, ते दुखतंय, दाढेसारखं आपलं आपण. हे वाक्य आपण त्याला दिलेलंच नाही. मग तो म्हणतो, अंग मोडून आलंय, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. किंवा गप्प बसतो, कारण बोलला तर लोक विचारणार, ‘तुला काय कमी आहे?’ दुःख देणारा दाखवता आला नाही की दुःखच खोटं ठरवायचं, ही आपल्याकडची रीत फार वाईट आहे. ती भाषेनं लावली असं मी म्हणणार नाही, पण भाषेनं तिला हात दिलाय.

तिसरा प्रश्न, उपमाच का? ‘उपमाच’मधला ‘च’ काढायला हवा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. दोन्ही वेळा तिच्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचाही अप्रिय अनुभव आहे, असंच म्हटलं. म्हणजे गुडघ्याच्या दुखण्यातही मन आधीपासून आहे.

उलट बाजूनंही पुरावा आहे. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी माणसांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून संगणकावर चेंडू टाकण्याचा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळानं खेळातले बाकीचे दोघं त्याला वगळून आपसातच चेंडू टाकायला लागले. एवढंच. तरी शारीरिक वेदनेच्या वेळी जागा होणारा मेंदूचा एक भाग त्या वेळीही जागा झालेला दिसला. लग्नपत्रिकेत आपलं नाव राहिलं म्हणून वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊबंद ज्यानं पाहिलेत त्याला यात नवल वाटणार नाही. २०११ मध्ये ईथन क्रॉस यांच्या गटानं प्रेमभंग झालेल्या ४० जणांना आधीच्या जोडीदाराचा फोटो दाखवला आणि दुसरीकडे हाताला चटका बसेल एवढी उष्णता दिली. दोन्ही वेळी उजळलेल्या भागांत बराच भाग सामाईक होता. पण २०१४ मध्ये बारकाईनं पाहिल्यावर दिसलं की जागा त्याच असल्या तरी आतली नक्षी वेगवेगळी आहे. म्हणून दोन्ही दुखणी एकच, असं म्हणणं घाईचं ठरेल. सख्खी आहेत, जुळी नाहीत.

एका बाबतीत मनाचं दुखणं जास्त चिवट आहे. आठवताना ते पुन्हा दुखतं. शरीराचं दुखलं होतं एवढं आठवतं, दुखत नाही. २००८ च्या एका अभ्यासात हेच दिसलं. बाळंतपणाच्या कळांचं वर्णन म्हाताऱ्या बाईला नीट करता येत नाही, पण तेव्हा कोण काय बोललं ते शब्दन् शब्द सांगते, आणि सांगताना आवाज फिरतो.

तुमच्या कामासाठी एक इशारा. मोठ्या धक्क्यानंतर कुणी ‘छातीत दुखतं’ म्हणालं तर ते मनाचं म्हणून सोडू नका. जपानमध्ये १९९० मध्ये वर्णन झालेला ताकोत्सुबो नावाचा विकार आहे. त्यात दुःखाच्या किंवा भीतीच्या धक्क्यानं हृदयाचा डावा खालचा कप्पा तात्पुरता दुबळा होतो आणि लक्षणं हार्ट अटॅकसारखीच दिसतात. ईसीजी काढायलाच हवा.

राहिला तो रकाना. आकडा गुडघ्यापुरता ठेवा, त्यात मुलाचं दुःख मिसळू नका. औषध त्या आकड्यावर ठरतं. आजी जे बोलल्या ते खाली त्यांच्याच शब्दांत लिहा, ‘मानसिक ताण’ असं भाषांतर करून नको. आणि पुढच्या पेशंटला ‘काय झालं?’ असं विचारण्याऐवजी ‘काय होतंय?’ विचारून बघा. ‘काय झालं’ला घडलेली गोष्ट द्यावी लागते, देणारा दाखवावा लागतो. ‘काय होतंय’ला नुसतं ‘मन दुखतंय’ एवढं म्हणता येतं. व्याकरणात हे वाक्य आजही बरोबर आहे, फक्त वापरात नाही. अहिराणी बोलणारं कुणी असेल तर ‘काय व्हयनं?’ नको, ‘काय व्हई राह्यनं?’ विचारा.